तेरड्याचा रंग, पवईचं अंगण

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं म्हणून मराठीने या फुलाला क्षणभंगुरतेचा दाखला करून ठेवलं आहे. पण एखाद्या गावाची दोनशे वर्षं समोर घेतली आणि काय राहिलं, काय गेलं याचा हिशेब मांडला, तर ही म्हण अपुरी वाटू लागते. पवईचा हिशेब तर तिच्या अगदी उलट जातो. इथे ज्या पिकांवर भांडवल लागलं, ज्यांच्यासाठी विहिरी खणल्या, घाणे बसवले, ज्यांची सरकारी कागदांत वाखाणणी झाली, ती पिकं आज शोधूनही सापडत नाहीत. आणि ज्यांच्यावर कोणी दमडी खर्च केली नाही, तो तेरडा, ती गुलबक्षी, ती गोकर्ण दर श्रावण-भाद्रपदात उगवतात, फुलतात आणि बी टाकून जातात. हा निव्वळ योगायोग नव्हे. पावसाळ्याच्या उत्तरार्धातली घरची फुलबाग इतके बदल पचवून टिकली, याचं मुख्य कारण म्हणजे तिच्यातली बहुतेक फुलं बाजारात विकता येत नाहीत. बाजाराला ज्याचा उपयोग नव्हता ते घराने सांभाळलं, आणि म्हणून बाजार बदलला तरी ते बुडालं नाही.

आधी बुडालं ते पाहू. पवई हे साष्टी बेटाच्या मधोमध, टेकड्यांच्या कुशीत वसलेलं गाव. सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, १७३७च्या मोहिमेत मराठ्यांनी ती घेतली आणि १७७४मध्ये ती इंग्रजांच्या हाती आली. १७९९मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने पवई आणि आसपासची गावं मिळून झालेली जहागीर आपल्या नोकरीतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांना पट्ट्याने दिली. त्या गावांपैकी तिरंदाज, पासपोली, साकी, तुंगवे ही नावं आजही जमिनीच्या कागदांत किंवा रस्त्यांच्या पाट्यांवर भेटतात. पुढे १८२९मध्ये ही जहागीर मुंबईचे पारशी व्यापारी फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे आली. फ्रामजींनी तिथे मनापासून पैसा ओतला. विहिरी खणल्या, रस्ता केला, घरं बांधली. ऊस लावला, रेशमासाठी तुती लावली, नीळ पिकवली, उसासाठी घाणा आणि निळीसाठी कारखाना उभारला. १८३०मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी ही जहागीर पाहून तिची तोंडभरून स्तुती केली. १८३८मध्ये फ्रामजींनी आंब्यांची भेट थेट व्हिक्टोरिया राणीकडे आगबोटीने रवाना केली. एका खासगी माणसाने एका खोऱ्यात केलेला एवढा मोठा शेतीप्रयोग त्या काळी मुंबईच्या परिसरात विरळाच होता.

त्यातलं काय उरलं? नीळ गेली, तुती गेली, ऊस गेला. याच खोऱ्यात १८९१मध्ये मुंबईला पाणी पुरवण्यासाठी तलाव बांधून झाला. पण विहार आणि तुळशी या तलावांसारखं त्याचं पाणी शहराच्या पिण्याच्या कामी टिकलं नाही. १९४८मध्ये लार्सन अँड टुब्रोने इथे जमीन घेतली आणि पुढे कारखाना उभा केला. १९५८मध्ये आयआयटी स्थापन झाली. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिच्या पवईच्या आवाराची कोनशिला बसली. १९८०च्या दशकापासून टेकडीच्या अंगावर उंच इमारती चढू लागल्या. प्रत्येक नव्या मालकाने आधीच्याची मांडणी पुसून आपली बसवली. आयआयटीच्या आवारातल्या आदिवासी पाड्याला ‘पेरूबाग’ म्हणतात; या जमिनीवर पूर्वी काय पिकत होतं, याची खूण आता अशा नावांत उरली आहे. व्यापारी पिकाचा जीव भावावर असतो. भाव पडला, पट्टा संपला, जमिनीला दुसरा जास्त मोलाचा उपयोग सापडला, की पीक उपटलं जातं. यात कोणाचा दोष काढायचा नाही. बाजाराची रीतच ती आहे.

घरामागच्या फुलझाडांचा जीव मात्र भावावर नव्हता. तो पावसावर होता. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पवईच्या टेकड्यांखाली तर पाण्याला तोटाच नसतो. तेरड्याचं बी उन्हाळाभर मातीत पडून राहतं आणि पहिल्या पावसांनंतर आपोआप रुजून येतं. गुलबक्षीची जमिनीखालची जाड, कंदासारखी मुळी वैशाखाचं ऊन सोसून जगते; वरचं झाड वाळून नाहीसं झालं तरी पावसात पुन्हा फुटवा येतो. गोकर्णीच्या चपट्या शेंगा वेलावरच वाळतात, तडकतात आणि कुंपणापाशी नवी रोपं उभी राहतात. उसाला विहीर लागते, मजूर लागतात, घाणा लागतो. यांना काही लागत नाही. ज्याचा खर्च नाही ते परवडेनासं कधी होत नाही, आणि ज्याला किंमत नाही ते विकण्यासाठी कोणी उपटत नाही.

या बागेचं सुख नेमकं कशात आहे, हेही इथे जवळून पाहायला हवं. कारण त्या सुखातच तिच्या टिकण्याचं दुसरं कारण दडलं आहे. भाद्रपदातली घरची बाग दिवसाच्या प्रहरांनुसार उघडते आणि मिटते. पारिजातक रात्री फुलतो आणि पहाटे झाडाखाली केशरी देठांचा सडा पडलेला असतो. सकाळी गोकर्णीची निळी फुलं उघडतात. जास्वंद दिवसभर राज्य करते आणि रात्रीपर्यंत मिटून जाते. दुपार कलली, साधारण चार-पाच वाजले, की गुलबक्षी डोळे उघडते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत मान टाकते. तिच्या लांब नळीतला मध लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी असतो. तिन्हीसांजेला जुईच्या कळ्या उमलू लागतात. स्वीडनच्या लिनिअसने १७५१मध्ये फुलांच्या उघडण्या-मिटण्यावरून वेळ सांगणारं घड्याळ मांडलं होतं. पावसाळ्यात सूर्य चार-चार दिवस दिसत नाही, तेव्हा कोकणपट्टीतल्या घरांनी दिवसाचा अंदाज घ्यायला असंच घड्याळ दारात वाढवलेलं असावं, हे सहज पटतं. आणि या सगळ्यांत हाताला सर्वांत जास्त आनंद देणारी तेरड्याची शेंग. फूल गळाल्यावर ती फुगते, हिरवी, लवदार, दोन्ही टोकांना निमुळती. पूर्ण पिकलेल्या शेंगेला बोट नुसतं टेकलं की तिच्या पाच फाका झटक्यात आतल्या बाजूला वळतात आणि तपकिरी बिया वीतभर, हातभर लांब उडतात. हा धक्का त्या बोटापुरता असतो. तो तोडून, बांधून, टोपलीत भरून कुठे नेता येत नाही. पारिजातकाचा सडा, गुलबक्षीची संध्याकाळ, तेरड्याची शेंग ही सगळी सुखं जागच्या जागी घ्यायची आहेत.

फुलं घराघरांत कशी पोचली, याचा आणखी एक पुरावा भाषेतच आहे. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फत आलेली फळं पाहा: अननस, पपई, काजू, पेरू. ही नावं पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत आली, कारण हा माल होता आणि माल आणणाऱ्याने त्याचं नावही सोबत आणलं. आता त्याच खंडातली फुलं पाहा. गुलबक्षी मूळची अमेरिकेतली, तिचं नाव फारसी वळणाचं. झेंडू मेक्सिकोचा, तिथे मृतांच्या स्मरणाच्या सणाला त्याच्या राशी लागतात. निशिगंधही मेक्सिकोचा आणि त्याला आपण चक्क संस्कृत नाव दिलं; शिवाय गुलछडी म्हणून दुसरंही दिलं. कर्दळ अमेरिकेची. सदाफुली मादागास्करची. देवळाच्या अंगणातला पांढरा खुरचाफा मध्य अमेरिकेचा. जुन्या साहित्यातला चंपक म्हणजे आपला सोनचाफा, हे झाड त्याहून अगदी वेगळं. या कशालाही आणणाऱ्याचं नाव चिकटलं नाही. यावरून असा तर्क निघतो की ही फुलं व्यापाऱ्याच्या यादीतून घरोघरी गेली नाहीत. ती हातोहात गेली: पदराच्या गाठीत बांधलेल्या बिया, ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी, माहेराहून सासरी नेलेला कंद. देणाऱ्या बाईला मेक्सिको ठाऊक नव्हता, घेणारीला तो विचारावासा वाटला नाही. फूल दिसायचं कसं, उमलायचं केव्हा, यावरून तिने नाव ठेवलं. याच्या शेजारी तिसरा गट ठेवला म्हणजे फरक स्पष्ट होतो. डेलिया, झिनिया, कॉसमॉस, बोगनवेल ही नावं जवळजवळ जशीच्या तशी राहिली, कारण ही फुलं बियाण्यांच्या याद्यांतून आणि सरकारी बागांतून आली. पश्चिम हिंदुस्थानची कृषी-उद्यान संस्था १८३०मध्ये निघाली, भायखळ्याची राणीची बाग १८६२मध्ये खुली झाली, आणि अशा ठिकाणी फुलं लॅटिन पाटीसकट लावली जात.

या तर्काला आक्षेप घेता येईल. सीताफळही अमेरिकेचं, पण त्याचं नाव पूर्ण देशी आहे. मग फळांचा नियम कुठे राहिला? आक्षेप रास्त आहे आणि नियम काटेकोर नाही, हे मान्य करायला हवं. पण सीताफळाची चाल पाहिली तर ते डोंगरउतारांवर, माळांवर जवळजवळ रानटी होऊन पसरलेलं दिसतं. म्हणजे वागणुकीने ते अननसापेक्षा गुलबक्षीला जवळचं आहे. अपवाद मूळ मुद्द्याला धक्का देत नाही, तो अधिक नेमका करतो. नाव बदलतं की राहतं हे फळ-फुलावर ठरत नाही, ती वस्तू पेढीवरून आली की शेजारणीकडून, यावर ठरतं.

याहून जड आक्षेप असा, की यातली इतकी फुलं जर परदेशी असतील, तर ‘परंपरेची बाग’ म्हणून तिचे गोडवे गाण्यात अर्थ काय? खरी देशी बाग म्हणजे तेरडा, पारिजातक, जाई-जुई, कण्हेर. बाकी सगळं उपरं. या विचारात एक खरा इशारा आहे आणि तो पवईकरांना कोणी समजावून सांगायला नको. पवई तलावावर पसरलेली जलपर्णी दक्षिण अमेरिकेचीच, आणि तीही फिक्या जांभळ्या, देखण्या फुलांसाठीच जगभर नेली गेली. टेकड्यांवर माजलेली घाणेरीही शोभेचं झुडूप म्हणूनच या देशात आली. तेव्हा बाहेरून आलेलं प्रत्येक फूल निरुपद्रवी, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण गुलबक्षी आणि जलपर्णी एकाच खंडातल्या असूनही एकीने तलाव गुदमरवला आणि दुसरी चार शतकं कुंपणाच्या आत राहिली. तेव्हा निकष मूळ देशाचा धरून चालणार नाही. झाड घराच्या हाताखाली राहतं की नाही, हे पाहायला हवं. घरची बाग ही रोज पाहिली जाणारी जागा आहे. जास्त झालं ते उपटलं जातं, नको ते कोणाला तरी दिलं जातं. परंपरा त्या रोजच्या नजरेत आणि देवाणघेवाणीत आहे. झाडाच्या जन्मदाखल्यात ती शोधायला गेलं, तर झेंडूशिवायचा दसरा मांडावा लागेल.

काही जण म्हणतील की ही सगळी बाग देवासाठी होती. पूजेची गरज होती म्हणून फुलं लावली, आनंद हा नंतरचा शोध. श्रावणातली मंगळागौर, हरतालिका, गणपतीची पत्री, गौरी, यांची मागणी मोठी आहे हे खरंच. कोकणात आणि मुंबईच्या जुन्या वस्त्यांत अनेक घरी तेरड्याच्या गौरी आणतात, तेरड्याची रोपं मुळासकट आणून त्यांनाच गौर मानून पूजतात. गौर येते, जेवते आणि जाते. आवाहन, पूजन, विसर्जन मिळून तिचेही तीनच दिवस. पण क्रम नीट पाहिला पाहिजे. तेरडा भाद्रपदात फुलतो म्हणून तो गौर झाला. गौर होती म्हणून तेरड्याने भाद्रपदात फुलायचं ठरवलं नाही. पंचांग पावसामागून चाललं आहे. शिवाय जिचा पूजेत फारसा मान नाही, ती गुलबक्षी जवळजवळ प्रत्येक जुन्या अंगणात होती. तिच्या नळ्या एकमेकींत गुंफून दोऱ्याशिवाय वेणी करायची आणि काळ्या, सुरकुतलेल्या, मिरीसारख्या बिया खिशात साठवायच्या, हा पोरींचा खेळ होता. आणि फुलांची ओढ एकाच धर्माची नाही. ८ सप्टेंबरच्या सुमारास बांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेत मेणबत्तीबरोबर फुलं वाहिली जातात. पारशी घराच्या दारावर शुभदिनी फुलांचं तोरण लागतं. साष्टीवर नांदलेल्या सर्वांनी हा मोसम फुलांनी साजरा केला आहे.

मग बाजार काहीच करत नाही का? दादरच्या फुलबाजारात गणपतीच्या आधीच्या पहाटे उभं राहायला जागा नसते, वसईच्या वाड्यांतून सोनचाफा, जास्वंद, तगर येते, घाटावरून झेंडू आणि शेवंती येते. तिथे सगळं मिळतं, मग घरी कशाला? पण त्या टोपल्यांत काय असतं ते पाहिलं की उत्तर मिळतं. झेंडू, शेवंती, निशिगंध: तोडल्यावर दोन-चार दिवस टिकणारी, वजन आणि धक्के सोसणारी फुलं. जास्वंद तिथे येते ती कळीच्या रूपात. उमललेली जास्वंद टोपलीचा प्रवास सहन करत नाही. प्राजक्त पुडीत दिसला तरी दुपारपर्यंत काळवंडतो. गुलबक्षी तर कोणी विकायला आणतच नाही. म्हणजे बाजाराने आणि घराने फुलं आपसांत वाटून घेतली आहेत आणि वाटणीचा निकष आयुष्याचा आहे: प्रवास सोसणारी बाजाराकडे, न सोसणारी घराकडे. दादर कितीही वाढलं तरी घरबागेची जागा ते घेऊ शकत नाही. सरकारी प्रदर्शनंही ती घेत नाहीत. राणीच्या बागेतली फुलांची प्रदर्शनं थंडीत भरतात, तेव्हा डेलिया भरात असतो आणि तेरडा संपून महिने झालेले असतात.

शेवटचा आक्षेप आजच्या पवईचा आहे. पंचविसाव्या मजल्यावर परस नाही, अंगण नाही, जमीन नाही. गॅलरीतल्या चार कुंड्यांना बाग म्हणणं म्हणजे मनाचं समाधान. इथे इतिहास थोडा धीर देतो. मराठी घराने झाडाला जमिनीपासून उचलून भांड्यात ठेवणं काही आज सुरू केलेलं नाही. तुळशीवृंदावन हे तेच आहे. गिरगाव-परळच्या चाळींत जमीन नव्हतीच. कठड्याशी डालड्याच्या नाही तर घासलेटच्या डब्यात तुळस वाढे आणि सुतळीवर गोकर्ण चढे. पवईच्या उंच इमारतीतली कुंडी त्या डब्याची थेट वारस आहे. तेरडा, गुलबक्षी, गोकर्ण, सदाफुली यांना वीतभर माती, खालून पाणी निघून जायला भोक आणि दिवसाचे काही तास ऊन एवढं पुरतं. कुंडी कठड्याच्या आत ठेवावी, बाहेर लटकवू नये, एवढं पथ्य मात्र पाळायलाच हवं. खालून माणसं चालत असतात.

पण एक गोष्ट कुंडीत येत नाही, ती कबूल केली पाहिजे. पारिजातकाला सडा टाकायला जमीन लागते. जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालत नाही, असा आपला नियम. त्याला ठळक अपवाद, तो याच झाडाचा. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य मुंबई बेटाचा पट्टेदार होता. १५६३मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने ‘दुःखी वृक्ष’ म्हणून पारिजातकाचं वर्णन केलं, आणि शास्त्रीय नावातही ते दुःख कायमचं राहिलं. रात्री फुलून पहाटे सगळं टाकून देणारं झाड परक्याला दुःखी वाटलं. आपण त्याला स्वर्गातून आणलेलं मानलं. गॅलरीत हे झाड नीट वाढत नाही आणि वाढलं तरी सडा फरशीवर पडतो आणि केरात जातो. हा तोटा खरा आहे, आणि तो एकेका घराने भरून निघणार नाही. पण इमारतींना आवार असतं. त्या आवारात शोभेच्या झुडपांची रांग आणि हिरवळ कंत्राटाने लावली जाते. तिच्यातली चार-सहा फूट जागा एका पारिजातकाला देणं ही सभेत एका ठरावाची गोष्ट आहे.

ही बाग आजवर कोणा जहागीरदाराने, संस्थेने किंवा नर्सरीने राखली नाही. एका घराने दुसऱ्याला बी दिलं म्हणून ती राहिली. तेव्हा यंदा आश्विन लागला की गुलबक्षीच्या झाडाखाली वाकून काळ्या बिया वेचा, तेरड्याच्या पिकल्या शेंगा मुठीत धरून फुटू द्या, गोकर्णीच्या वाळल्या शेंगा सोला. कागदाच्या तीन पुड्या करा. एक स्वतःला ठेवा, एक शेजारच्या दारी द्या आणि तिसरी अशा घरी द्या जिथे अजून एकही कुंडी नाही. पुढच्या मृगात त्या मातीत टाकायच्या, एवढंच त्यांना सांगा.